रक्ताचा तीव्र कर्करोग आणि नेमका घाव घालणारी औषधे

रक्ताचा कर्करोग म्हटले की माणूस अर्धा तिथेच खचतो. 'आता काही उपाय नाही' असे म्हणून नातेवाईकही हात टेकतात. परंतु गेल्या चाळीस वर्षांत या रोगाविषयीचे ज्ञान पुष्कळ बदलले आहे आणि त्यामागे संशोधक विद्यार्थ्यांचे कष्ट आहेत. आम्ही कला शाखेचे पदवीधर, बँकेत आकडेमोड करणारे. तरीही बारामती-इंदापूरच्या आपल्या सभासदांना व विद्यार्थ्यांना हा विषय समजावा, म्हणून सोप्या भाषेत मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

रोग कसा होतो?

आपले रक्त हाडांच्या आतील मगजात, म्हणजे अस्थिमज्जेत तयार होते. तेथे कोवळ्या पेशी परिपक्व होतात व मग रक्तात उतरतात. तीव्र ल्युकेमियात एखाद्या पेशीच्या जनुकात बिघाड होतो. ती पेशी परिपक्व होत नाही, मात्र तिची वाढ थांबत नाही. थोड्याच आठवड्यांत अशा निकामी पेशींची गर्दी होऊन चांगल्या पेशींना जागा उरत नाही. तांबड्या पेशी घटल्याने थकवा येतो, निरोगी पांढऱ्या पेशी घटल्याने ताप हटत नाही आणि प्लेटलेट्स घटल्याने रक्तस्राव होतो.

सरसकट फवारणी आणि निवडक औषध

१९४८ साली अमेरिकेत डॉ. सिडनी फार्बर यांनी ल्युकेमिया झालेल्या मुलांना अमिनोप्टेरिन हे औषध दिले व काहींचा रोग काही काळ मागे हटला. हे औषध तयार करणाऱ्या चमूचे प्रमुख होते आपले भारतीय शास्त्रज्ञ डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव. तेथून केमोथेरपीचा मार्ग खुला झाला. तिने असंख्य जीव वाचवले, आजही वाचवते. पण ती वेगाने वाढणाऱ्या सर्वच पेशींवर घाव घालते. म्हणून केस गळतात, तोंड येते, रोगप्रतिकारशक्ती घटते.

आपल्या भागातील शेतकऱ्याला यातील फरक चटकन कळेल. एक तणनाशक असे असते की ते जे हिरवे दिसेल ते जाळते. दुसरे असे असते की ऊस तसाच राहतो आणि रुंद पानाचे तण तेवढे जळते. लक्ष्यवेधी औषधे या दुसऱ्या जातीची. पेशीतील नेमका कोणता भाग बिघडला हे आधी शोधायचे, मग त्यावरच घाव घालायचा.

सोमलाने वाचवलेले जीव

याचे उत्तम उदाहरण म्हणजे 'एपीएल' हा तीव्र ल्युकेमियाचा एक प्रकार. त्यात १५ व्या आणि १७ व्या गुणसूत्रांचे तुकडे आपापसांत बदलतात. त्यातून एक सदोष प्रथिन बनते व पेशींची परिपक्वता अडून राहते. पूर्वी हा प्रकार अत्यंत घातक मानला जाई. रक्तस्रावाने रुग्ण काही दिवसांत दगावे. १९८८ साली शांघाय येथील डॉक्टरांनी 'अ' जीवनसत्त्वापासून बनलेल्या औषधाचा २४ रुग्णांवरील अनुभव प्रसिद्ध केला. या औषधाने रोगट पेशी मरण्याऐवजी चक्क परिपक्व होऊ लागल्या! पुढे चीनमध्येच सोमलाचा, म्हणजे आर्सेनिकचा, योग्य मात्रेत उपयोग सुरू झाला. सोमल ते सदोष प्रथिनच मोडून टाकते. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील डॉक्टरांनीही आर्सेनिकच्या उपचारांवर महत्त्वाचे काम केले आहे. आज वेळेवर उपचार मिळालेल्या दहांपैकी सुमारे नऊ एपीएल रुग्ण बरे होतात. जे दगावतात त्यांतील बरेच जण निदानाआधी किंवा उपचाराच्या पहिल्या काही दिवसांतच जातात. औषध आहे, पण उशीर जीव घेतो.

संशोधक नेमके काय करतात?

सर्व प्रकार इतके सोपे नाहीत. 'एएमएल' या प्रकारात सुमारे एक तृतीयांश रुग्णांच्या पेशींत 'एफएलटी-३' या जनुकात बिघाड असतो. त्यावरील मिडोस्टॉरिन या औषधाला अमेरिकेत २०१७ मध्ये मान्यता मिळाली. परंतु काही काळाने रोगट पेशी पळवाट शोधतात आणि औषध निष्प्रभ होते. ही पळवाट कोणती, ती कशी बुजवावी, दोन औषधे एकत्र दिल्यास काय होते, अशा एकेका प्रश्नावर पीएच.डी.चे विद्यार्थी चार-पाच वर्षे खर्च करतात.

असे काम आपल्या महाराष्ट्रातही चालते. आयआयटी मुंबईतील डॉ. राहुल पुरवार यांच्या प्रयोगशाळेत आणि टाटा मेमोरियल सेंटरच्या सहकार्याने 'कार-टी' उपचारपद्धती विकसित झाली. रुग्णाच्याच टी-पेशी काढून, त्यांत जनुकीय बदल करून त्या पुन्हा त्याच्या शरीरात सोडतात. मग त्या कर्करोगाच्या पेशी ओळखून मारतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये या उपचाराला भारतात मान्यता मिळाली. परदेशात यासाठी तीन-चार कोटी रुपये लागतात. येथे सुरुवातीचा खर्च सुमारे चाळीस लाख सांगितला गेला. सामान्य माणसाला तोही परवडणारा नाही, पण वाट स्वस्ताईकडे वळली हे नक्की.

आपण काय करावे?

बरेच दिवस न उतरणारा ताप, वाढता अशक्तपणा, हिरड्यांतून रक्त, अंगावर लाल-निळे डाग, मुलांमध्ये हाडे दुखणे, यांपैकी काही दिसल्यास सीबीसी तपासणी करून घ्यावी. पावसाळ्यात प्लेटलेट्स कमी आल्या की डेंग्यू समजून थांबण्याची प्रवृत्ती असते. ताप गेला तरी प्लेटलेट्स सुधारत नसतील, किंवा पांढऱ्या पेशींचे आकडे विचित्र असतील, तर रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्याचा आग्रह डॉक्टरांकडे जरूर धरावा. संशय आल्यास पुणे-मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात जाण्यास एक दिवसही दवडू नये. खर्चाची चिंता असल्यास महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी तेथेच करावी. प्लेटलेट्स साधारण पाच दिवसच टिकतात. त्यामुळे वर्षातून एका शिबिरापुरते न थांबता नियमित रक्तदाते पुढे आले पाहिजेत.

विद्यार्थी मित्रहो, बारामती-इंदापूरच्या महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र वा रसायनशास्त्र शिकणाऱ्याला ही दारे बंद नाहीत. नेट परीक्षा द्यावी, खारघरचे अ‍ॅक्ट्रेक किंवा पुण्याचे राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र यांच्या प्रवेशाची माहिती घ्यावी. अनुसूचित जातीच्या संशोधकांसाठी पुण्यातील बार्टी संस्थेची अधिछात्रवृत्ती आहे. आपल्या वस्तीतला रुग्ण वेळेवर मुंबईला पोहोचावा हे पहिले काम. आणि तेथील प्रयोगशाळेत आपल्या वस्तीतला संशोधकही असावा, हे दुसरे.