मोटारीचे हेड पॅकिंग

वैशाखाच्या उन्हात निंबाच्या सावलीला बॉनेट उघडून उभी राहिलेली जुनी फियाट आपल्या मोर्शीत बहुतेकांनी कधी ना कधी पाहिली असेल. १९४४ साली वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून ती येई. पुढे तिलाच पद्मिनी हे नाव मिळाले. ती बनणे बंद होऊन वीस वर्षे उलटली, तरी काही घरांनी ती जपली आहे.

तिचे इंजिन १०८९ घन सेंटिमीटरचे. खाली चार सिलिंडरांचा बिडाचा ब्लॉक, वर ॲल्युमिनियमचे हेड, आणि दोहोंमध्ये एक पातळ पत्रा. पुस्तकात त्याला हेड गॅस्केट म्हणतात, मिस्त्री पॅकिंग म्हणतो. सिलिंडरात पेटलेला वायू क्षणभर दोन हजार अंशांच्या आसपास तापतो, आणि बोटभर अंतरावर पाणी व तेल खेळत असते. या तिघांची भेट होऊ द्यायची नाही, एवढेच त्या पत्र्याचे काम.

तो फुटला की पाणी बाहेर न गळताही कमी होते, रेडिएटरात बुडबुडे येतात, तेल ताकासारखे दिसू लागते. (थंडीत तेलाच्या झाकणाखाली थोडा पांढरा फेस धरतो; तेवढ्यावरून घाबरू नये.)

आमच्या गाडीला एकाच उन्हाळ्यात दोनदा पॅकिंग घालावे लागले. पहिल्या खेपेस एका गॅरेजात जुने काढून नवे घातले, हेड कसले, आणि पंधरा दिवसांत वरुडच्या रस्त्यावर गाडी पुन्हा वाफ ओकत उभी! दोष पॅकिंगचा नव्हता. ॲल्युमिनियम तापले की बिडाच्या जवळजवळ दुप्पट पसरते. बोल्टांनी जखडलेले हेड फाजील तापले तर त्याला पसरायला वाव मिळत नाही, आणि निवताना ते वाकडे होते. मग पॅकिंग कितीही नवे असो, ते डुगडुगत्या झाकणाखालीच बसते.

हेड उतरविणे त्या मानाने सोपे. इंजिन पूर्ण गार झाल्यावर पाणी सोडावे, कार्बोरेटर व रॉकर काढावेत, बोल्ट कडेकडून मध्याकडे ढिले करावेत. पुश रॉड ज्याचे त्या जागी परत गेले पाहिजेत. मी ते पुठ्ठ्याला भोके पाडून ओळीने खोचून ठेवले.

खरी परीक्षा पुढे. हेड पुसून त्यावर पोलादी सरळपट्टी लांबीत, रुंदीत आणि कर्णावर धरावी, व खालच्या फटीत फीलर गेजचे पान घालून पाहावे. मिलिमीटरच्या विसाव्या हिश्श्याहून जाड पान शिरले, तर हेड फेस करून आणावे. ब्लॉकही तसाच तपासावा. शिवाय गाडी तापली का, हे शोधावेच: चोंदलेला रेडिएटर, सैल पट्टा, अडकलेला थर्मोस्टॅट. आमच्याकडे रेडिएटर निम्मा गाळाने भरला होता. तापल्या इंजिनात कळशीभर गार पाणी ओतण्याची आपली सवयही हेडाला बाधते.

बसविताना क्रम उलटा. मध्यापासून कडेकडे, दोन-तीन फेऱ्यांत, टॉर्क पान्याने कसावे. किती, तो आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. येथे मनगटाच्या अंदाजावर विसंबू नये. मग रॉकरची फट जुळवावी, तेल बदलावे, गाडी फिरवून आणावी, आणि रात्रभर निवल्यावर सकाळी रेडिएटरचे झाकण काढावे. दुसऱ्या खेपेस आमचे पाणी होते तेथेच होते.