बंद लॅपटॉपची स्क्रीन भंगारात देऊ नका!

पुण्याला किंवा वाळूजच्या कंपनीत कामाला असलेला भाऊ सणाला गावी येतो. येताना पिशवीतून एक जुना लॅपटॉप आणतो. “बंद पडलाय. पोरांच्या कामी आला तर बघा,” असे सांगून ठेवून जातो. परभणीच्या किंवा गंगाखेडच्या दुरुस्तीवाल्याला दाखवला तर तो म्हणतो, “मदरबोर्ड गेलाय. यात पैसे घालू नका.” मग तो लॅपटॉप वर्षभर पेटीवर धूळ खात पडतो आणि एके दिवशी भंगारवाल्याच्या गाड्यावर जातो. वजनाने जे मिळतील ते पैसे आपण घेतो.

वाचकहो, मदरबोर्ड गेला म्हणजे लॅपटॉपचे सगळेच गेले असे नव्हे. पुष्कळ वेळा त्याची स्क्रीन अगदी चांगली असते. ती वेगळी काढून तिला एक छोटा बोर्ड जोडला, तर तिचा स्वतंत्र मॉनिटर होतो. हे काम टीव्ही-मोबाईल दुरुस्त करणाऱ्या आपल्या मुलांच्या आवाक्यातले आहे. मात्र ते कधी परवडते, कधी परवडत नाही आणि कुठे धोका आहे, हे आधी समजून घेतले पाहिजे.

मॉनिटर हवा कशाला?

घरोघरी मोबाईल आला. त्यावर व्हिडिओ पाहून मुले अभ्यासही करतात. पण मोबाईलवर टायपिंगचा हात बसत नाही आणि माऊस धरायला शिकता येत नाही. एमएस-सीआयटीचा अभ्यासक्रम २००१ पासून सुरू आहे. टायपिंगची सरकारी परीक्षाही आता टाईपरायटरवर नव्हे, संगणकावर द्यावी लागते. रेल्वेच्या भरतीची परीक्षा संगणकावर होते. २०२३ च्या तलाठी भरतीची परीक्षाही संगणकावरच झाली. क्लासमध्ये तासभर संगणक मिळतो, घरी काहीच नसते. अशा मुलाला उत्तर येत असूनही परीक्षेत त्याची मिनिटे माऊस सांभाळण्यातच जातात. घरी सराव असलेला मुलगा तोवर पुढच्या प्रश्नावर गेलेला असतो.

जुना सीपीयू कोणाकडून तरी मिळून जातो. अडते ते मॉनिटरपाशी. ती अडचण बंद लॅपटॉपच्या स्क्रीनने भागू शकते.

स्क्रीन एकटी का चालत नाही?

लॅपटॉपची स्क्रीन म्हणजे नुसते पॅनेल असते. त्याला प्लग नसतो, वायर जोडायची नेहमीची जागा नसते. चित्र कसे दाखवायचे हे त्याला मदरबोर्ड सांगतो. बाजारात मिळणाऱ्या मॉनिटरमध्ये हे काम करणारा एक बोर्ड आतच बसवलेला असतो. सीपीयूकडून व्हीजीए किंवा एचडीएमआयच्या वायरने आलेले चित्र तो पॅनेलला समजेल अशा रूपात बदलून देतो. लॅपटॉपच्या पॅनेलला बाहेरून असाच बोर्ड द्यावा लागतो. त्याला बाजारात कंट्रोलर बोर्ड किंवा ड्रायव्हर बोर्ड म्हणतात.

आधी तपासा, मग खोला

स्क्रीनला तडा गेला असेल, शाई सांडल्यासारखे काळे डाग असतील किंवा उभ्या रेघा येत असतील, तर त्या पॅनेलवर एक रुपयाही घालू नका. अशा स्क्रीनची दुरुस्ती घरी होत नाही.

लॅपटॉप सुरू होतो, पंख्याचा आवाज येतो, पण स्क्रीन काळी दिसते, असे असेल तर अंधारात तिच्यावर तिरपा टॉर्च मारून पाहा. अंधुक चित्र दिसले तर पॅनेल चित्र दाखवत आहे, फक्त मागचा उजेड गेला आहे असे समजावे.

उलट प्रकारही असतो. स्क्रीन फुटलेली, पण बाकी लॅपटॉप चालू. तेव्हा मॉनिटर बनवण्याच्या भानगडीत पडू नये. बहुतेक लॅपटॉपला व्हीजीए किंवा एचडीएमआयची जागा असते. एचडीएमआयची वायर घरच्या टीव्हीला लावली की तोच लॅपटॉप सीपीयूसारखा वापरता येतो. खर्च फक्त वायरीचा.

मागचा नंबर म्हणजे पॅनेलचा जन्मदाखला

खोलण्याआधी चार्जर काढा आणि बॅटरी वेगळी करा. बॅटरी फुगलेली असेल तर तिला टोचू नका, दाबू नका. लॅपटॉप तसाच जाणकाराकडे न्या. स्क्रीनच्या चौकटीचे स्क्रू बहुधा रबराच्या छोट्या टिकल्यांखाली लपलेले असतात. चौकट लोखंडी पेचकसाने उचकू नये. जुने एटीएम कार्ड कडेने फिरवले की ती सुटते. पॅनेल काढताना मागची बारीक वायर ओढू नका. कनेक्टरवरची चिकटपट्टी हलकेच सोडवा आणि मग कनेक्टर सरळ बाहेर काढा.

पॅनेलच्या पाठीवर एक चिठ्ठी असते. तिच्यावर नंबर असतो. नंबर एल.पी. अक्षरांनी सुरू झाला तर पॅनेल एलजी कंपनीचे, एल.टी.एन. असेल तर सॅमसंगचे. बी १५६ अशी सुरुवात एयू ऑप्ट्रॉनिक्सच्या आणि एन १५६ अशी इनोलक्सच्या पॅनेलवर आढळते. त्यातल्या १५६ या आकड्याचा अर्थ पंधरा पूर्णांक सहा इंच. एल.पी. १५६ डब्ल्यू.एच. २ असे लिहिले असेल, तर ते एलजीचे १५.६ इंची पॅनेल असून त्यावर आडवे १३६६ आणि उभे ७६८ ठिपके असतात. टायपिंग, एमएस-सीआयटी, ऑनलाइन फॉर्म भरणे यासाठी एवढे पुरेसे आहे.

हा नंबर पूर्ण लिहून घ्या, मोबाईलवर फोटोही काढा. बोर्ड विकणाऱ्याला पहिल्यांदा हा नंबर द्यायचा. “पंधरा इंची स्क्रीनचा बोर्ड द्या” असे सांगून आणलेला बोर्ड बहुतेक वेळा चालत नाही.

तीन पिढ्या, तीन प्रकारचे बोर्ड

सगळ्यात जुन्या पॅनेलमध्ये उजेडासाठी सीसीएफएल नावाची काडीएवढी बारीक ट्यूबलाइट असते. पॅनेलच्या कडेने दोन वायरींचा वेगळा छोटा प्लग बाहेर आला असेल, तर हा प्रकार ओळखावा. या ट्यूबला इन्व्हर्टर नावाची वेगळी पट्टी लागते. घरच्या बॅटरीच्या इन्व्हर्टरशी तिचा संबंध नाही. ट्यूब पेटताना ही पट्टी हजार व्होल्टच्या वर दाब देते. शिवाय ट्यूबमध्ये पारा असतो. आमचा स्पष्ट सल्ला असा की हा प्रकार घरी करूच नये.

त्यानंतर एलईडी उजेडाची पॅनेल आली. त्यांपैकी पुष्कळांना एलव्हीडीएस पद्धतीचा ४० पिनांचा कनेक्टर असतो. मॉनिटर बनवायला हा सर्वांत सोयीचा प्रकार. पुढे ईडीपी नावाची नवी पद्धत रूढ झाली आणि तिच्या पॅनेलला बहुधा ३० पिनांचा कनेक्टर असतो. डिसेंबर २०१० मध्ये इंटेल, एएमडी वगैरे कंपन्यांनी जुनी एलव्हीडीएस पद्धत सोडून देणार असल्याचे जाहीर केले होते. त्यामुळे त्यानंतरच्या लॅपटॉपमध्ये हळूहळू ईडीपीच वाढत गेली. एका पद्धतीचा बोर्ड दुसरीला चालत नाही. सीसीएफएलच्या जुन्या पॅनेललाही ३० पिना असतात, म्हणून पिना मोजून निर्णय घेऊ नये. निर्णय नंबरावरूनच घ्यावा.

जोडणी करताना

बोर्डाबरोबर सहसा तीन वस्तू येतात: पॅनेलला जाणारी वायर, बटणांची छोटी पट्टी आणि मुख्य बोर्ड. अडॅप्टर बहुधा वेगळा घ्यावा लागतो. बहुतेक बोर्डांना १२ व्होल्टचा अडॅप्टर लागतो. लॅपटॉपचा जुना चार्जर मात्र साधारण १९ व्होल्टचा असतो. “घरात आहेच” म्हणून तो लावला, तर बोर्ड जळण्याचीच शक्यता जास्त.

दुसरी काळजी जंपरची. अनेक बोर्डांवर एक चिमुकली टोपी सरकवून पॅनेलला ३.३, ५ की १२ व्होल्ट द्यायचे ते ठरवता येते. लॅपटॉपच्या बहुतेक पॅनेलना ३.३ व्होल्ट लागतात. टोपी चुकीच्या जागी राहिली, तर चांगले पॅनेल क्षणात मरते आणि ते परत येत नाही. वायर जोडतानाही पहिल्या पिनेची खूण जुळली पाहिजे. सगळे दोनदा पाहून झाल्यावरच वीज द्यावी.

चालू केल्यावर स्क्रीन नुसती पांढरी दिसली, तर उजेड येतो पण चित्र पोचत नाही. वायर नीट बसली आहे का ते पाहावे. चित्र येते पण रंग विचित्र आहेत किंवा ते तुकड्या-तुकड्यांत दिसते, तर बोर्डात त्या पॅनेलचा प्रोग्राम भरलेला नाही. म्हणून बोर्ड घेतानाच नंबर दाखवून प्रोग्राम भरून घ्यावा.

चौकटीसाठी लॅपटॉपचेच झाकण वापरता येते. त्यात बोर्ड मावत नाही, म्हणून तो मागे लाइट फिटिंगच्या पीव्हीसी डब्यात बसवावा आणि हवेसाठी डब्याला भोके पाडावीत. बोर्डाची खालची बाजू पॅनेलच्या पत्र्याला टेकता कामा नये. वस्तीतला सुतार प्लायवूडची चौकट आणि मागे टेकू करून देईल. पुठ्ठ्याची पेटी मात्र नको. परभणीचा उन्हाळा आपल्याला ठाऊक आहे. पत्र्याच्या घरात दुपारी बोर्ड आधीच तापलेला असतो.

खर्चाचा हिशेब

बोर्ड साधारण हजार ते दोन हजार रुपयांच्या दरम्यान पडतो. ईडीपीचा बोर्ड सहसा महाग असतो. त्यावर अडॅप्टर, वायर आणि कारागिराची मजुरी धरा. जुना वापरलेला मॉनिटर तेवढ्यात किंवा त्याहून कमी पैशांत, चालवून दाखवून मिळत असेल, तर तोच घ्यावा. हौसेपायी घरचे पैसे घालवण्यात शहाणपण नाही. पण पॅनेल फुकट मिळाले आहे, घरातलाच कोणी हे काम जाणतो, किंवा जवळपास चांगला जुना मॉनिटर मिळत नाही, तेव्हा हा मार्ग फायद्याचा ठरतो. विजेचे बिलही थोडे येते. १५ इंची एलईडी पॅनेल बोर्डासह साधारण घरातल्या एका एलईडी बल्बइतकी वीज घेते.

बोर्ड ऑनलाइन मागवता येतो. मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि हैदराबादेत कोठीची गुजराती गल्ली हे अशा मालाचे जुने बाजार आहेत. सिकंदराबादकडे जाणारी रेल्वे परभणी आणि पूर्णा जंक्शनवरूनच जाते. तिकडे कामासाठी जाणारा कोणी असेल, तर त्याच्याजवळ नंबराचा फोटो द्यावा.

हाताला काम

रेडिओ आणि टेपचा काळ आठवा. वस्तीत एखादा तरी पोरगा असा असे, की त्याच्या हातात सोल्डरिंगची कावी असायची. १४ एप्रिलच्या मिरवणुकीचा ॲम्प्लिफायर ऐन वेळी बंद पडला तर लोक त्यालाच शोधत. त्या हुन्नरावर काहींनी पुढे दुकाने टाकली. आज आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्या मुलामुलींसाठी लॅपटॉपचे पॅनेल हा तसाच एक धडा आहे. पहिले पॅनेल घरासाठी करावे. दुसरे शेजाऱ्यासाठी, मजुरी घेऊन. मुलींनाही यात बसवावे. बारीक कनेक्टर हाताळायला नजर आणि धीर लागतो, अंगबळ लागत नाही.

उरलेल्याचे काय करावे?

लॅपटॉप देण्यापूर्वी त्यातली हार्ड डिस्क काढून ठेवा. तिच्यात घरचे फोटो, आधार आणि जातीच्या दाखल्याच्या प्रती असू शकतात.

भंगार वेचण्याचे आणि फोडण्याचे काम आपल्या देशात कोणाच्या वाट्याला येते, हे सांगायला नको. दिल्लीच्या सीलमपूर भागात हजारो हात हातोडीने असे जुने संगणक फोडतात. तांब्यासाठी वायरी जाळल्या, की विषारी धूर आधी जाळणाऱ्याच्याच छातीत जातो. म्हणून वायरी जाळू नका, सीसीएफएलची ट्यूब फोडू नका, बॅटरी चुलीजवळ किंवा कचऱ्यात टाकू नका. मुलांना तर अशा ढिगाजवळ बसूच देऊ नका. १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू झाले आहेत. त्यांनुसार असा कचरा नोंदणीकृत केंद्रांकडेच गेला पाहिजे आणि त्याची जबाबदारी माल बनवणाऱ्या कंपन्यांवर टाकली आहे. चार घरांचे सामान एकत्र करून ते अशा केंद्राकडे पाठवावे.

तेव्हा पेटीवरचा तो लॅपटॉप आज खाली काढा. मागचा नंबर वाचायला काही खर्च येत नाही. नंबर जुळला आणि हिशेब बसला, तर पुढच्या भरतीपूर्वी आपल्या मुलीच्या हाताला घरच्या घरी सराव मिळेल. नाही जुळला, तर निदान तो लॅपटॉप कोणाच्या अंगणात जाळला जाणार नाही एवढी काळजी घ्या.