धिप्पाड माणसाला बसेल असा लष्करी ट्रक

जुना लष्करी ट्रक घ्यायचाय, पण अंगापिंडाने थोराड आहात? मग अमेरिकेचा एम-३५ जरूर पाहा. १९५०च्या सुमारास सैन्यात आलेला हा अडीच टनी ट्रक. तिकडे लाडाने ‘ड्यूस अँड अ हाफ’ म्हणतात. छत कॅनव्हासचं, काढून ठेवता येतं, त्यामुळे उंच माणसालाही डोक्याशी मोकळीक. खरी अडचण पोटाची आणि मांड्यांची! मूळ गाडीला पॉवर स्टिअरिंग नाही, म्हणून जोर लावायला चाक भलंमोठं दिलंय. सौदा ठरवण्याआधी जाड बूट घालूनच आत बसा, क्लच तळापर्यंत दाबा आणि पाय उचलताना गुडघा चाकाच्या कडेला अडतो का ते बघा. दुसऱ्या महायुद्धातल्या जीएमसी सीसीकेडब्ल्यू ट्रकची बंद केबिन मात्र अंगाला आवळते. त्याचाच कॅनव्हास छताचा, उघड्या केबिनचा प्रकार मिळाला तर तोच घ्यावा.