विरुद्ध बाजूचा डोळा

रक्ताची रसद तुटली की हृदयाचा स्नायू छातीत कळ उठवून दाद मागतो आणि पोटरी चालत्या माणसाला वाटेतच थांबवते; परंतु साऱ्या देहाच्या वेदना ज्याच्या दफ्तरी दाखल होतात, त्या मेंदूच्या पेशींना स्वतःची वेदना नोंदविण्याची सोयच नसल्यामुळे, त्यांची फिर्याद बहुधा दुखण्यातून नव्हे, तर चालते काम अकस्मात बंद पडण्यातून प्रकट होते. वजनाने देहाचा जेमतेम २ टक्के असून प्राणवायूचा सुमारे २० टक्के वाटा घेणारा हा खर्चिक अंमलदार पदरी शिल्लक म्हणून जवळजवळ काहीच बाळगत नाही. दर १०० ग्रॅम मेंदूस मिनिटाला सुमारे ५० मिलिलिटर रक्त मिळते. ते २० च्या खाली उतरले की पेशी जिवंत असूनही मुक्या होतात, आणि १० च्या आसपास आले की मरू लागतात.

ही मूक फिर्याद वाचण्याचा एक सुंदर दाखला कॅनडाचे मज्जाविकारतज्ज्ञ मिलर फिशर यांनी घालून दिला. अर्धांग लुळे पडलेल्या एका रुग्णाने त्यांना सांगितले, की त्याआधी एका डोळ्यापुढे मधूनमधून अंधारी येई. पण तो डोळा लुळ्या अंगाच्या बाजूचा नव्हे, विरुद्ध बाजूचा! डावा मेंदू उजव्या अंगाचा कारभार पाहतो, डोळ्याची रोहिणी मात्र, मानेतून वर जाऊन मेंदूला रक्त पुरविणाऱ्या त्याच बाजूच्या कॅरॉटिड रोहिणीतून फुटते. तेव्हा डावा डोळा व उजवा हात या दोहोंच्या तक्रारीचा उगम एकच, आणि दोष डोक्यात नसून मानेत, हे अनुमान, शवविच्छेदनात मानेतील रोहिण्या तपासण्याची फारशी वहिवाट नसलेल्या त्या काळात, त्यांनी त्या उघडून पडताळले व १९५१ साली प्रसिद्ध केले.

पडदा उतरावा तशी एका डोळ्याची दृष्टी जाणे, ओठाचा कोपरा ओघळणे, हातातला पेला निसटणे, ओळखीचा शब्द न सापडणे, ही लक्षणे कित्येकदा रोहिणीत अडकलेली गुठळी विरघळताच काही मिनिटांत ओसरतात. अवघडलेल्या हाताला मुंग्या आल्या तर घाबरणारे आपण, त्या बहुधा दबलेल्या मज्जातंतूच्या असतात हे न जाणता, वाचा परत आली म्हणून मात्र निर्धास्त होतो. वास्तविक पक्षाघाताचे भय अशी लक्षणे ओसरल्यानंतरच्या पहिल्या दोन दिवसांतच सर्वाधिक असते. लक्षण टिकून राहिले, तर गुठळी विरघळविणाऱ्या औषधाची मुदत साधारणतः साडेचार तासांची. म्हणून डॉक्टर प्रथम वेळ विचारतात, आणि रोगी लुळ्या हातानेच जागा झालेला असेल, तर घड्याळ जाग येण्यापासून नव्हे, रात्री तो धडधाकट झोपला त्या क्षणापासून मोजावे लागते.