कूलंट कधी सोडायचं, कधी बंद ठेवायचं

भोसरीतल्या किंवा शिरोलीतल्या मशीन शॉपमध्ये शिरलात की फिरत्या जॉबवर पांढरट पाण्याची धार पडताना दिसते. पाण्यात साधारण पाच ते दहा टक्के सोल्युबल ऑइल कालवलं की झालं कूलंट. पाणी उष्णता काढून नेतं, तेलामुळे घर्षण कमी होतं आणि जॉब गंजत नाही.

या धारेचं महत्त्व मोजून दाखवलं फ्रेडरिक टेलर यांनी. कामगारांच्या हालचाली घड्याळ लावून मोजणारा माणूस म्हणून ते आपल्याकडे बदनाम आहेत. मला मात्र त्यांचं धातुकापणीवरचं काम जास्त मोलाचं वाटतं. फिलाडेल्फियातल्या मिडवेल स्टील कारखान्यात, १८८०च्या दशकात, त्यांना आढळलं की चिप जिथं सुटते तिथंच भरपूर पाणी सोडलं तर कापण्याचा वेग ३० ते ४० टक्क्यांनी वाढवता येतो. गंज टाळायला पाण्यात सोडा घालत.

टायटॅनियमपुढे मात्र नुसती धार पुरत नाही. विमानांत वापरल्या जाणाऱ्या टायटॅनियम मिश्रधातूची उष्णता वाहून नेण्याची क्षमता साध्या पोलादाच्या जेमतेम सातव्या हिश्शाइतकी असते. त्यामुळे चिपबरोबर निघून जायची ती उष्णता टूलच्या धारेवरच साचते. इन्कोनेल या निकेलच्या मिश्रधातूची खोड वेगळी: कापता कापता त्याचा पृष्ठभाग आणखी कठीण होतो. टूलच्या तापलेल्या धारेपाशी साधं कूलंट पोचण्याआधीच त्याची वाफ होते आणि ती वाफच मागून येणाऱ्या पाण्याची वाट अडवते. म्हणून ७० बारच्या आसपास दाब देऊन बारीक नोझलमधून फवारा थेट चिपच्या खाली मारतात. त्यानं चिप्सही तुटतात, जॉबला गुंडाळल्या जात नाहीत.

आता उलटी बाजू. साठ एचआरसीपर्यंत (रॉकवेल कठीणतेचं माप) कडक केलेलं पोलाद सीबीएन (क्यूबिक बोरॉन नायट्राइड) इन्सर्टनं बहुधा कोरडंच टर्न करतात. सिरॅमिकचंही बऱ्याचदा तसंच. मिलिंगमध्ये तर इन्सर्टची धार क्षणात धातूत, क्षणात बाहेर; तापलेल्या कार्बाइडवर मध्येच पाणी पडलं की धारेला काटकोनात बारीक तडे जातात. तिथं हवेचा झोत बरा. अधूनमधून अडणारी धार सर्वांत वाईट: कूलंट द्यायचं तर अखंड द्या, नाहीतर बंदच ठेवा. ‘कठीण धातू, म्हणून जास्त पाणी’ हा फोरमनचा लाडका नियम निम्म्या ठिकाणीच खरा ठरतो.

तासाला काही मिलिलिटर तेल हवेबरोबर फवारणारी एमक्यूएल पद्धत आहे, उणे १९६ अंशांचा द्रव नायट्रोजनही आहे. पण नायट्रोजनचा खर्च छोट्या शॉपला झेपणारा नाही.

त्या शॉपचं दुखणं साधं असतं. सुट्टीनंतर टाकीला कुजकट वास येतो, कारण मशीनचं गळलेलं तेल वर तरंगून हवा अडवतं आणि खाली जिवाणू माजतात. मग ऑपरेटरच्या हातांना पुरळ उठतं. शॉपमालकांनो, हजारोंचे इन्सर्ट घेता, तर मिश्रणातलं तेलाचं प्रमाण मोजणारा एक रिफ्रॅक्टोमीटर आणि तरंगतं तेल काढायचा स्किमरही घ्या; आणि मिश्रण करताना तेल पाण्यात ओता, पाणी तेलात नको.