झोपेची उधारी

दिवाळी तोंडावर आली की घरोघर रवा, बेसन, तेल, साखर यांच्या याद्या निघतात. वाण्याच्या फळीवर हा माल आपोआप उगवत नाही. तो ट्रकमधून येतो, आणि बहुधा आपण गाढ निजलेलो असताना येतो.

मुलुंडच्या नाक्यावर चहाच्या टपरीपाशी धुळ्याहून आलेला एक चालक भेटला. डोळे तांबारलेले. "आता जरा पडा की," मी म्हटले. तो हसला. "साहेब, गाडी उभी राहिली म्हणजे माणूस निजला, असं नसतं. एक कान डिझेलच्या टाकीकडं, एक ताडपत्रीकडं. चोरी झाली तर पगारातनं कापतात."

कायद्याला हे ठाऊक नव्हते असे नाही. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला ८ तास काम ठरवले, लांब पल्ल्याला फार तर १० तास, आणि ५ तासांनंतर अर्धा तास विसावा. मात्र हे सारे पाच किंवा अधिक कामगार ठेवणाऱ्या धंद्याला. दोन ट्रकांचा मालक त्यातून अलगद सुटला, आणि आपल्याकडे असेच मालक फार! युरोपात साडेचार तासांनंतर ४५ मिनिटे थांबावेच लागते. टॅकोग्राफ नावाचे यंत्र त्याची नोंद ठेवते. आपल्याकडे नोंद ठेवतो तो मालकाचा फोन.

गंमत पाहा. १ जुलै २०१७ ला जकात गेली, नाक्यावरचा तासन्‌तासांचा खोळंबा गेला, आणि आपण सुटकेचा निःश्वास टाकला. हा चालक मात्र म्हणाला, "त्या रांगेत क्लीनर गाडी पुढं सरकवायचा आणि मी तासभर डोळा लावायचो. आता मालक विचारतो, अजून पोचला कसा नाहीस?"

त्यात सकाळ-संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी जड वाहनांना शहरात मज्जाव. तो आपल्याच सोयीसाठी आहे. त्याविरुद्ध माझी तक्रार नाही. पण सकाळच्या बंदीआधी साकीनाक्याचे गोदाम गाठायचे, तर कसारा घाट रात्री दोन ते पाचच्या दरम्यान उतरावा लागतो. शरीराला झोप अनावर होते ती नेमकी याच वेळी. चहाने आणि तंबाखूने ती थोडी लांबते, फिटत नाही. पंधरा-वीस मिनिटांची डुलकी त्याहून अधिक कामाची, पण ती घ्यायला गाडी निर्धास्त उभी करण्याजोगी जागा हवी.

२०२५ साली नव्या ट्रकांच्या केबिनीत वातानुकूलन सक्तीचे झाले. हे चांगलेच झाले. या गृहस्थांची गाडी मात्र जुनी. दुपारी केबिन तव्यासारखी तापते, म्हणून माल उतरेपर्यंत ते ट्रकखालच्या सावलीत पोते अंथरून निजतात. निजण्यापूर्वी किल्ली काढून उशाखाली ठेवतात.

"क्लीनर पोरगा नवा आहे," ते म्हणाले.