सुट्टीत मोबाईल हिसकावू नका, त्यातच पुस्तक उघडून द्या

सुट्टी लागली की अंधेरी, जोगेश्वरीपासून घाटकोपर, मुलुंडपर्यंत पालकांची एकच तक्रार असते : मुलं दिवसभर मोबाईलला चिकटून बसतात. पण एका खोलीच्या घरात त्यांनी करायचं तरी काय? गोष्टीची पुस्तकं विकत घेणं सगळ्यांना परवडत नाही. आणि दीड महिना वाचन सुटलं की जूनमध्ये मूल पुन्हा अडखळू लागतं. मग त्याच मोबाईलमध्ये पुस्तक उघडून दिलं तर?

‘प्रथम बुक्स’ या संस्थेने ८ सप्टेंबर २०१५ रोजी, म्हणजे जागतिक साक्षरता दिनी, ‘स्टोरीवीव्हर’ हे संकेतस्थळ सुरू केलं. इथे मराठी, उर्दू, हिंदी, इंग्रजीसह अनेक भाषांतल्या सचित्र गोष्टी मोफत वाचता येतात. गोष्टींच्या चार पातळ्या आहेत. पातळी निवडताना मुलाची इयत्ता पाहू नका, त्याला वाचता किती येतं ते पाहा. पाचवीतलं मूल अडखळत असेल तर पहिल्या पातळीपासून सुरुवात करण्यात कमीपणा नाही.

उर्दू माध्यमाच्या मुलांना याचा आणखी एक फायदा आहे. शाळेत मराठी शिकावी लागते, पण घरात ती कानावर पडत नाही. मग दहावीला हाच पेपर जड जातो. या संकेतस्थळावर बऱ्याच गोष्टी एकाहून अधिक भाषांत आहेत. आधी उर्दूत वाचू द्या, मग तीच मराठीत. गोष्ट ठाऊक असल्याने अनोळखी शब्दाचा अर्थ मूल स्वतःच लावतं.

मोठ्या मुलांसाठी बालभारतीचं ‘किशोर’ मासिक आहे. ते १९७१ पासून निघतं आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचायला मिळतात.

मात्र मोबाईल नुसता हातात देऊन भागणार नाही. वाचनाची वेळ ठरवा. रोज वीस मिनिटं पुरेत. तेवढा वेळ इंटरनेट बंद ठेवा, म्हणजे रील्सकडे बोट वळणार नाही. त्यासाठी गोष्टी आधीच डाउनलोड करून घ्या. गावी रेंज नसली तरी त्या उपयोगी पडतील. घरात एकच फोन असेल तर मोठ्या बहिणीने धाकट्यांना वाचून दाखवावं, दादी-नानीनेही ऐकावं.

आणि रात्री जेवताना अम्मी-अब्बूंनी एवढंच विचारावं, “आज काय वाचलंस? सांग बरं.” गोष्ट ऐकणारं कुणी घरात आहे हे कळलं, की मूल दुसऱ्या दिवशी आपणहून वाचायला बसतं.